एप्रिलचं पाणी : लडाखमधल्या एका नाल्याचं प्रकरण

लडाखमधल्या एका गावाला पेरणीच्या वेळी पाणी कसं मिळवायचं, याची ही गोष्ट. गावाचं नाव देत नाही. वरच्या आणि खालच्या गावातला पाण्याचा करार अजून कोवळा आहे, आणि नाव छापलं की त्यातून कोण काय अर्थ काढेल याचा नेम नाही. आकडे आमच्या वहीतले आहेत, ढोबळ करून दिलेत. आमचा गट पाच जणांचा. तिघे लेहचे, एक हिमाचलचा आणि मी नाशिक जिल्ह्यातला, पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलेला. बर्फाशी माझा संबंध तोवर गोळ्यापुरताच होता.

पार्श्वभूमी

लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. आपण सोलापूरला दुष्काळी म्हणतो, तिथेही याच्या पाचपट पाऊस होतो. तरीही लडाखमध्ये शेकडो वर्षं सातू, गहू आणि वाटाणा पिकतोय, कारण शेती पावसावर चालतच नाही. डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, येतात, डोंगरावर बर्फ टाकून जातात, आणि ते बर्फ उन्हाळ्यात हप्त्याहप्त्याने खाली येतं.

आमचं गाव साधारण ३,७०० मीटरवर, चाळीसेक उंबऱ्यांचं. गावातून एक नाला वाहतो, लडाखी बोलीत तोक्पो. तो पुढे चारेक किलोमीटरवर दुसऱ्या गावाला पाणी देतो आणि मग सिंधूला मिळतो. नाल्याच्या उगमाशी, ५,३०० मीटरच्या वर, एक छोटी हिमनदी आहे. दोन्ही गावांची भिस्त या एका नाल्यावर. वरच्या गावाची शेती तीसेक हेक्टर, सगळी पायऱ्यापायऱ्यांची.

पाणी वाटायची जुनी व्यवस्था पाहिली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. नाल्यावर दगडी बांध, तिथून निघणारा पाट म्हणजे युरा, गावाच्या डोक्याशी मातीचा तलाव म्हणजे झिंग. रात्री वाहणारं पाणी झिंगेत साठवायचं आणि सकाळी शेतांना सोडायचं. कुणाची पाळी कधी हे ठरवायला चुर्पोन असतो. गावातली घरं आळीपाळीने हे काम घेतात. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठची सामायिक पाण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना पाटकरी आठवेल. काम तेच आणि खाल्लेल्या शिव्याही त्याच.

या व्यवस्थेचं सगळं गणित पाणी दोन टप्प्यांत येतं यावर बांधलेलं होतं. एप्रिल-मे मध्ये गावाच्या वरच्या उतारांवरचं हिवाळी बर्फ वितळतं, त्यावर ओलवणी होते, वाफसा आला की झो, म्हणजे याक आणि गाईचं संकरित जनावर, जुंपून नांगरट आणि पेरणी. ते बर्फ संपत आलं की जूनमध्ये हिमनदी जागी होते आणि तिच्या पाण्यावर पीक पोसतं. पहिला टप्पा संपणं आणि दुसरा सुरू होणं यात खंड पडत नसे.

अडचण

आता खंड पडायला लागला होता. गावकऱ्यांच्या तोंडचं वाक्य होतं, ‘पानी कम हो गया.’ आम्हीही सुरुवातीला तेच धरून चाललो, आणि ती आमची पहिली चूक.

जुलैत नाल्याकाठी उभं राहिलं की पाणी कमी झालंय यावर विश्वास बसत नाही. मातकट लोंढा, दगड गडगडल्याचा आवाज, आणि दर एक-दोन वर्षांनी पाटाचं तोंड वाहून गेलेलं. हिमनदी वितळतेय म्हणून उन्हाळ्याच्या मध्यावर पाणी उलट जास्त. हिमनदी आक्रसताना काही दशकं तिच्यातून येणारं पाणी वाढतं, कळस गाठतं आणि मग कायमचं उतरतं. आमचा नाला या चढावर आहे की उतारावर, हे सांगायला लागणारी वर्षांची मोजमापं कुणाकडेच नाहीत.

बिघडलं होतं ते एप्रिलमध्ये. हिमनदीखालच्या उतारांवर बर्फ कमी पडतं, जे पडतं ते पातळ असतं, आणि मार्चमधल्या चार उबदार दिवसांत निघून जातं. मार्चमध्ये शेतं गोठलेली असतात, पाटात बर्फ असतो. आलेलं पाणी घ्यायला कुणी तयार नसतं, ते सरळ सिंधूत जातं. भरीला धूळ. ताजं स्वच्छ बर्फ ऊन ८० ते ९० टक्के परतवून लावतं. त्यावर धुळीचा किंवा काजळीचा थर बसला की बरंच ऊन आत मुरतं आणि बर्फ आणखी लवकर संपतं.

म्हणजे मार्चचं पाणी फुकट, जून-जुलैचं पाणी अंगावर येणारं, आणि मधले पाच-सहा आठवडे नाला ओलाव्यापुरता. नेमकी पेरणी त्याच आठवड्यांत. या उंचीवर सातू मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पेरला तर सप्टेंबरच्या थंडीआधी दाणा भरत नाही. कणसं दिसतात, मळणीला भुसा निघतो. काही घरांनी वरच्या पायऱ्या पडीक टाकायला सुरुवात केली होती.

हे आम्हाला नीट समजावलं ते गोबांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, नाही आणि पंचायतीच्या बैठकीतही नाही. एका घरी चहाला गेलो होतो. तळमजल्याच्या कोठीत मातीने भरलेली सहा-सात पोती दिसली. घरातल्या आजींना विचारलं, ‘आबी-ले, ये मिट्टी?’ त्या हसल्या. ही हिवाळ्याआधी भरून ठेवायची कोरडी माती. मार्च संपताना शेतावर गुडघाभर बर्फ असे, त्यावर ही माती मुठीमुठीने फेकायची. काळ्या मातीने ऊन धरलं की बर्फ लवकर हटतं आणि पेरणी आठवडा-दहा दिवस आधी मिळते.

‘माती अजून भरते मी, नोनो-ले,’ त्या म्हणाल्या. ‘फेकायला बर्फ कुठंय?’

बर्फ लवकर जावं म्हणून धडपडणाऱ्या माणसांना आता ते टिकवायचं होतं. आमची समस्या मी त्या दिवशी वहीत पहिल्यांदा बरोबर लिहिली: वर्षाचं पाणी पुरेसं असेल-नसेल, एप्रिल २० ते मे २० या काळातलं पाणी पुरत नाही.

मोजमाप, आणि त्यातला घोटाळा

आम्ही पहिल्या वर्षी नाला मोजला तो जुलै-ऑगस्टमध्ये. कारण सरळ होतं, तेव्हा रस्ते उघडे असतात, मला सुट्टी असते आणि हवा छान असते. पुण्या-मुंबईचे बाइकवाले ज्या कारणाने तेव्हा लडाखला येतात त्याच कारणाने आम्ही गेलो. आकडा आला सेकंदाला १५० लिटरच्या पुढे. तो आमच्या कामाचा नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्यातले दोघे तिथेच राहिले. पाटाच्या तोंडाशी पत्र्याची व्ही आकाराची खाच बसवली आणि रोज दोनदा पाण्याची उंची वाचली. सरासरी सेकंदाला ५ लिटर. मग तीच मोजणी सव्वा किलोमीटर खाली, झिंगेच्या तोंडाशी. तिथे आले ३. पाच निघाले, तीन पोचले. उरलेले दोन पाटाच्या दगडांतून मुरत होते.

हिशेब असा. एका हेक्टरला ५ सेंटिमीटर ओलवणी द्यायची तर ५०० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे ५ लाख लिटर. तीस हेक्टरला १५,००० घनमीटर. झिंगेत पोचणारं पाणी पंचवीस दिवसांत साडेसहा हजारांच्या आसपास. तूट साडेआठ हजार घनमीटरची.

कोणते पर्याय होते

सिंधूवरून पाणी उपसून आणणं हा पर्याय तरुणांच्या आवडीचा. चारेकशे मीटर उचल, वीज बेभरवशाची, पंप बिघडला तर माणूस लेहहून यायचा. सातूच्या भावात हे बसत नाही. बोअरचा विषय निघाला तेव्हा चुर्पोनच म्हणाले की लेहमध्ये हॉटेलांनी बोअर मारले आणि जुने झरे आटले, आम्हाला तो खेळ नको. हा पर्याय तिथेच मिटला.

झिंग मोठी करणं शक्य होतं. पण झिंग रात्रीचं पाणी सकाळी द्यायला असते. हंगामाचं पाणी साठवायचं तर गावाच्या डोक्यावर मोठा तलाव हवा, आणि २०१० च्या ५-६ ऑगस्टच्या रात्री लेहमध्ये ढगफुटीने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. डोक्यावर तलाव या शब्दांनाच बैठकीत थंड प्रतिसाद मिळाला. मला तो रास्त वाटला.

पीक बदलणं, उशिरा लावून चालणारा भाजीपाला घेणं, हे काही घरं आपापली करतच होती. पण सातू हा नुसता धान्याचा प्रश्न नाही, त्याचा काड जनावरांना हिवाळाभर पुरतो. गाव सोडून सिंधूकाठच्या पडीक जमिनीवर जायचं, हेही एका वयस्क माणसाने बोलून दाखवलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. वहीत मी ती ओळ लिहिली आणि पुढे गेलो. आज वाटतं तिथे थांबायला हवं होतं.

उरला हिवाळ्याचा नाला. डिसेंबर-जानेवारीत शेती नसते, तरी बर्फाखालून सेकंदाला चारेक लिटर पाणी वाहत असतं. ते दिवसाला साडेतीनशे घनमीटर होतं. हे पाणी गोठवून ठेवायचं आणि एप्रिलमध्ये वितळू द्यायचं, ही कल्पना लडाखचीच आहे आणि तिच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली चेवांग नॉरफेल यांची. ग्रामविकास खात्यातल्या या स्थापत्य अभियंत्याने १९८७ पासून कृत्रिम हिमनद्या केल्या. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. नाल्याचं पाणी डोंगराच्या सावलीतल्या बाजूला वळवायचं, वाटेत एकाखाली एक बुटके दगडी बांध घालायचे, पाणी संथ आणि पातळ पसरू द्यायचं. रात्री थर गोठतो, त्यावर दुसऱ्या रात्रीचा. जागा निवडणं ही यातली खरी कला. ती गाव आणि खरी हिमनदी यांच्या मध्ये, बरीच खाली हवी. उंची हजार मीटरने कमी झाली की हवा साधारण साडेसहा अंशांनी गरम असते, त्यामुळे खालचं बर्फ हिमनदीच्या कितीतरी आधी वितळतं आणि पेरणीला सापडतं.

दुसरी तऱ्हा सोनम वांगचुक यांच्या बर्फस्तूपाची. पहिला नमुना २०१३-१४ च्या हिवाळ्यात उभा राहिला. वरून नळाने पाणी आणायचं, उंचीतल्या फरकाच्या दाबावर ते कारंज्यासारखं उडवायचं, रात्रीच्या थंडीत ते पडता पडता गोठतं आणि शंकू वाढत जातो. शंकूला आकारमानाच्या मानाने उन्हासमोर येणारा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून सावली नसलेल्या ठिकाणीही, अगदी गावाजवळ, तो टिकतो.

या दोन्हींत एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं आणि ती न्यायला थंड हवाच असते. म्हणून पाणी पातळ थरात किंवा थेंबांत हवं. नुसता खड्डा भरला तर वर साय धरते आणि आत पाणी राहतं.

पहिला निर्णय : स्तूप

आम्ही स्तूप निवडला. कारणं प्रामाणिकपणे लिहायची तर पाण्याची नव्हती. एका देणगीदाराला स्तूपासाठीच पैसे द्यायचे होते, गावातल्या पोरांना तो हवा होता, आणि आम्हालाही हवा होता. फोटो कुणाला नको असतो?

मी हिशेब केला होता. ८ मीटर त्रिज्या आणि १२ मीटर उंचीचा शंकू म्हणजे आठशे घनमीटर बर्फ, त्याचं पाणी सव्वासात लाख लिटर. दीड हेक्टरलाही एक ओलवणी पुरी होत नाही. तूट साडेआठ हजारांची आणि हातात सातशे वीस. हा आकडा मी बैठकीत सांगितलाही, पण ‘सुरुवात तर होईल’ असं त्याला शेपूट जोडून. त्या शेपटाने आकडा मेला.

तीनेकशे मीटर नळ टाकला. घाईत तो फूटभरच पुरला गेला, काही ठिकाणी नुसते दगड रचले. डिसेंबर चांगला गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पारा उणे वीसच्या खाली उतरला. पहाऱ्यावरची पोरं अकराच्या सुमारास गारठून शेकोटीला गेली. तेवढ्यात कारंज्याचं तोंड गोठलं. पाणी थांबलं की नळातलं पाणी गोठायला वेळ लागत नाही. पहाटे नळाला हात लावला तर लोखंडी सळई असावी असा आवाज. गरम पाण्याच्या किटल्या ओतल्या, त्या पाण्याचाही बर्फ होऊन नळावर चढला. शेवटी नळ सांध्यांवर कापला, तुकडे खांद्यावर घेऊन उन्हातल्या छतांवर आडवे टाकले. दुपारी त्यातून मनगटाएवढ्या बर्फाच्या कांड्या सरकून बाहेर यायच्या, पोरं त्या तलवारीसारख्या धरून भांडायची. तीन आठवडे गेले. स्तूप दोन पुरुष उंचीवर अडला.

खालचं गाव

नळ पुन्हा जोडला त्याच आठवड्यात खालच्या गावचे गोबा आणि तिघे जण चढून आले. आवाज कुणी चढवला नाही. त्यांनी आमचा मुख्य व्हॉल्व बंद केला आणि मग चहाला बसले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हिवाळ्यात जनावरांना आणि घरांना पाणी याच नाल्यातून मिळतं. ते पातळ झालं तर बर्फाखालचा प्रवाहही गोठतो आणि फोडायला काही उरत नाही. वरचं गाव आधी पाणी घेतं हा रिवाज आहे, पण तो शेतीच्या हंगामाचा. हिवाळ्याच्या पाण्यावर वरच्या गावाचा हक्क कुणी आणि कधी ठरवला?

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. हिवाळ्याच्या पाण्याला आजवर कुणी मोलच दिलं नव्हतं, म्हणून त्याचा रिवाजही नव्हता. आम्ही बर्फ करायला गेलो आणि नकळत एका नव्या मालमत्तेला जन्म दिला. आपल्याकडे शेततळ्यांनी झालं तेच. वर अडवलेला प्रत्येक थेंब खाली कुणाच्या तरी हिशेबात होता.

आमच्यापैकी एकाचं मत होतं की पंचायतीकडून वर अर्ज करावा, परवानगी कागदावर आणावी आणि काम पुढे न्यावं. मी थोडा त्या बाजूला होतो, सरकारी नोकरीची सवय. चुर्पोनांनी स्पष्ट नकार दिला. ‘कागद घेऊन तुम्ही पुण्याला जाल, आचो-ले. त्यांच्या घरात आमच्या मुली दिल्यात.’ मी नाशिकचा आहे हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यापुरतं काम थांबवलं. स्तूप जेवढा होता तेवढा मेच्या सुरुवातीपर्यंत टिकला आणि चार-पाच वाफ्यांना पाणी देऊन संपला. देणगीदाराला फोटो मिळाले.

दुसरा निर्णय : पाट, मग बर्फ, आणि रात्रीचं पाणी

उन्हाळ्यात दोन्ही गावं तीनदा बसली, एकदा वर, एकदा खाली, एकदा गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात. तिढा सुटला तो एका खालच्या गावच्या बाईमुळे. त्यांनी विचारलं की तुमचं बर्फ होतं कधी? रात्री, म्हटलं. दिवसा ऊन असतं, पाणी गोठत नाही. ‘मग दिवसाचं पाणी कशाला अडवता?’

इतका वेळ आम्ही टक्केवारीवर भांडत होतो. ठरलं ते असं. डिसेंबर ते फेब्रुवारी, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत पाणी वरच्या गावाच्या बर्फाला. उजाडलं की सगळं नाल्यात, खालच्या गावाला. एप्रिल-मे मध्ये बर्फाचं पाणी वितळून येईल त्यातली दर पाचवी पाळी खालच्या गावाची. खालच्या गावचा एक माणूस हिवाळ्यात कधीही येऊन पाहील. करार बोधी, म्हणजे तिबेटी लिपीत, दोन प्रती, एका हिवाळ्यापुरता.

त्याआधी आम्ही दुसरं काम काढलं होतं, ज्याने खरा फरक पडला. पाटाची गळती. पाच लिटर निघून तीन पोचतात, ते चार पोचले तरी पंचवीस दिवसांत दोन हजारांवर घनमीटर पाणी जास्त मिळतं. म्हणजे आमच्या कागदावरच्या तीन स्तूपांएवढं, आणि त्यासाठी कुणाला रात्री उणे वीसमध्ये बसायचं नाही. सरकारी योजनेतून सिमेंटचा पाट मिळत होता. गावाने तो नाकारला, कारण शेजारच्या खोऱ्यातला सिमेंटचा पाट गोठण्या-वितळण्यात दोन हिवाळ्यांत तडकला होता. आम्ही सर्वांत गळके साडेतीनशे मीटर उकलले, खाली जाड प्लॅस्टिकची ताडपत्री, तिच्यावर चिकणमाती, वर तेच जुने दगड. घरटी दोन माणसं, अकरा दिवस.

बर्फासाठी या वेळी नॉरफेल यांची तऱ्हा घेतली. गावाच्या वर तासाभराच्या चढावर, दिवसभर सावलीत राहणाऱ्या एका घळीत तारेच्या जाळीतले चार दगडी बांध. पसरट बर्फ उन्हाला जास्त उघडं असतं, त्यामुळे नुकसान जास्त. पण दीडशे मीटर लांब आणि वीस मीटर रुंद जागेत मीटरभर थर बसला तरी त्याचं पाणी सत्तावीसशे घनमीटर होतं. नळ नाही, कारंजं नाही, संध्याकाळी दगड सरकवून पाणी वळवायचं आणि सकाळी परत फिरवायचं.

काय झालं

दुसऱ्या हिवाळ्यात घळीत बर्फ धरलं. सगळीकडे मीटरभर नाही, कडेला गुडघ्याएवढं, मध्ये छातीएवढं. मार्चच्या शेवटी ऊन तापलं तेव्हा त्यातलं थोडं आधीच गेलं. पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा नाला ओलाव्यापुरता असायचा, तेव्हा झिंग सकाळी काठोकाठ होती. साकाचा मुहूर्त, म्हणजे जमीन उघडायचा दिवस, लामांनी काढला त्याच आठवड्यात वीसेक हेक्टरची ओलवणी पूर्ण झाली. आदल्या वर्षी हाच आकडा बारा-तेराचा होता. यातलं किती पाटाचं आणि किती बर्फाचं? आमच्या नोंदींवरून पाटाचा वाटा बर्फापेक्षा थोडा जास्तच दिसतो. राहिलेली वरची दहा हेक्टर कोरडीच होती. खालच्या गावाला त्यांची पाचवी पाळी मिळाली, एक दिवस उशिरा, त्यावरून दोन दिवस बोलणं बंद.

तिसरा हिवाळा कोरडा गेला. बर्फ उशिरा पडलं आणि थोडं पडलं. हिवाळ्याच्या नाल्यातलं पाणी हे उतारांत मुरलेल्या आधीच्या बर्फाचं असतं, ते डिसेंबरातच सेकंदाला दोन लिटरवर आलं. घळीत अर्धा मीटरही थर बसला नाही. जानेवारीच्या मध्यावर वरच्या गावाने आपणहून रात्रीचं पाणीही सोडून दिलं. करारात तसं काही नव्हतं. त्या वसंतात वरच्या गावाची पंधरा हेक्टर भिजली, जवळजवळ सगळी दुरुस्त पाटाच्या जोरावर.

या पद्धती पाणी तयार करत नाहीत. जानेवारीतलं पाणी एप्रिलला नेतात, तेही जानेवारीत पाणी असलं तर. वर हिमनदी आहे तोवर जूनची काळजी नाही असं गाव अजून धरून चालतं. हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या इसिमॉड या संस्थेच्या २०१९ च्या अहवालात म्हटलंय की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या पट्ट्यातल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग २१०० पर्यंत जाईल. हे मी गावात सांगावं का, यावर आमच्यात दोन मतं होती. मी सांगितलं. गोबा म्हणाले, माझ्या लहानपणी ती त्या काळ्या खडकापर्यंत होती, आणि बोटाने खडक दाखवला. आजच्या टोकापासून तो बराच खाली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीला एप्रिलमध्ये जाईन. जुलैत गेल्यामुळे आमचं अख्खं वर्ष वाया गेलं आणि प्रश्न चुकीचा मांडला गेला. रात्री दारं धरायला शेतात बहुतेक बायकाच असतात, त्यांना पहिल्याच दिवशी विचारीन. आबी-लेंची पोती योगायोगाने दिसली, खालच्या गावच्या बाईंना तिसऱ्या बैठकीत पहिल्यांदा बोलता आलं, आणि या दोघींनी जे सांगितलं तेवढं आमच्या व्ही खाचेने नाही सांगितलं.

खालच्या गावात आधी जाईन. हे लिहायला सोपं आहे. पण नाल्यावर काम करणारा कुणीही वरच्या टोकाला सुरुवात करतो, कारण पाणी तिथे असतं आणि बोलावणारे तिथले असतात. निदान पहिल्या बैठकीत खालच्या गोबांसाठी एक आसन हवं होतं.

स्तूपाबद्दल माझं मत अजून डळमळतं. पाण्याच्या हिशेबात तो चुकला. पण त्या फजितीमुळे पोरं रात्रीच्या कामाला तयार झाली, नळ कसा गोठतो हे कळलं, आणि खालच्या गावाला आपलं म्हणणं मांडायला निमित्त मिळालं. पाटापासून सुरुवात केली असती तर यातलं काहीच झालं नसतं, कदाचित भांडणही नाही आणि करारही नाही. हिमाचलचा आमचा सोबती म्हणतो, मी हे स्वतःची समजूत घालायला लिहितोय. असेलही.

आणि बैठकीत गाव सोडायचा विषय काढणाऱ्या त्या वयस्क माणसाकडे परत गेलो असतो. सिंधूकाठची ती जमीन कुणाची, तिथे पाणी कसं पोचेल, वरच्या दहा हेक्टरवाल्यांपैकी कुणी जाईल का, यातलं काहीही आम्ही तपासलं नाही. गेल्या शरदात त्यांच्या धाकट्या मुलाने लेहला टॅक्सी घेतली. वरची तीन वावरं आता पडीक आहेत.

करार दर नोव्हेंबरला नवा होतो. या वेळी खालच्या गावाने दोन अटी पुढे ठेवल्यात: पाचवीऐवजी चौथी पाळी, आणि पाटाची तीच ताडपत्री त्यांच्या सहाशे मीटर युरालाही. दुसऱ्या अटीवर वरच्या गावातून घरटी एक माणूस द्यायचं कबूल झालंय. पाळीवर अजून एकमत नाही. पुढची बैठक खाली आहे.